भयकुलूप

आमच्या घरात भित्री मी एकटीच, असा सरकारी दाखला माझ्याकडं आहे. खोटं वाटत असेल तर दाखवते. त्यावर शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की सदर व्यक्तीस जिवाची भीती वाटते, याची यंत्राद्वारे खात्री करण्यात आली आहे. लोक भिंतीवर पोरांच्या पदव्या लावतात. माझ्या सासऱ्यांनी हा दाखला चौकट करून बैठकीत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

निफाड तालुक्यात द्राक्षबागेच्या मधोमध आमची वस्ती. गाव दोन किलोमीटर लांब, शेजारची वस्ती हाकेच्या पलीकडं. घरात माणसं चार. सासरे निवृत्ती बोरस्ते, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. माझा नवरा हर्षल, नऊ वर्षांची आमची कस्तुरी, आणि मी, प्रणिता. सासूबाई कस्तूच्या जन्माआधीच गेल्या. बिचाऱ्या सुटल्या, असं मी तेव्हा मनात म्हणाले होते आणि आजही म्हणते.

आप्पांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. तशी गरजच पडली नाही. बैठकीतून नुसतं "कोण आहे तिकडं?" असा आवाज आला की स्वयंपाकघरात माझ्या हातातलं भांडं निसटायचं. भाजीत मीठ कमी पडलं की ते ताट पुढं सरकवून गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्यानं माझ्या पोटात गोळा यायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हर्षल म्हणायचा, "स्वभाव आहे त्यांचा, मनावर नको घेऊ." मनावर मी घेतच नव्हते. ते थेट पोटात जात होतं.

एकच जागा माझी होती, ती म्हणजे पॅकहाऊस. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची तपासणी मी करायची. घड हातात घ्यायचा, मण्यांचा आकार बघायचा, एक मणी चिरडून यंत्रावर गोडी मोजायची आणि नापास माल बाजूला काढायचा. तिथं पन्नास बायका माझा शब्द खाली पडू देत नसत. हंगामात रात्री नऊपर्यंत काम चालायचं. आप्पा कुरकुर करायचे, पण आमचाच माल तिथं जायचा म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

त्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या दोन वस्त्या लुटल्या गेल्या. एका ठिकाणी म्हाताऱ्याचं डोकं फोडलं. मग जो तो हत्याराची भाषा बोलू लागला. बंदुकीचा परवाना काढायचा तर चपला झिजवाव्या लागतात. तेवढ्यात गृहरक्षणाचा नवा कायदा आला आणि त्याच्याबरोबर भयकुलूप आलं.

हे कुलूप काय करतं ते सांगते. माणूस घाबरला काय आणि चिडला काय, छाती सारखीच धडधडते, श्वासही सारखाच फुलतो. म्हणून जुन्या यंत्रांना दोन्हींतला फरक कळायचा नाही. तळहाताला मात्र तो लपवता येत नाही. राग आला की रक्त हाताकडं धावतं आणि तळवा तापतो, कारण अंग मारायच्या तयारीत असतं. भीती वाटली की रक्त हातातून निघून आत आणि पायांकडं जातं. बोटं गार पडतात, कातडीखालच्या बारीक शिरा आखडतात. घामसुद्धा वेगळा येतो. उन्हानं किंवा रागानं येणाऱ्या घामात जी द्रव्यं नसतात ती भीतीच्या घामात असतात. हत्याराच्या मुठीत हे सगळं एका क्षणात ओळखणारी पट्टी बसवलेली असते. धरणाऱ्याला खरोखर भीती वाटली, तरच मुठीवरचा निळा दिवा लागतो आणि चाप मोकळा होतो. नाहीतर हातात नुसतं लोखंड.

कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडली. जीव वाचवायला मारलं तर बचाव आणि रागानं मारलं तर खून, हे ठरवायला कोर्टात वर्षं जातात. आता चापच ते ठरवणार होता. रागीट माणूस गोळी झाडूच शकणार नाही, मग परवाना कशाला? एका घरात एक हत्यार आणि एक धारक. धारकानं सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत घरात असलं पाहिजे, नाहीतर हत्यार चौकीत जमा. दर सहा महिन्यांनी फेरतपासणी. धारक बदलायचा तो फक्त त्या तपासणीत, आणि घरातलं कुणीच पास झालं नाही तर हत्यार परत. लोकांनी त्याचं नाव निळी ठेवलं. ज्याच्या घरी निळी त्याच्या फाटकावर पाटी, आणि ज्याच्या फाटकावर पाटी त्याच्याकडं चोर फिरकत नाहीत, असा सगळ्यांचा समज.

पलीकडच्या वस्तीवर पाटी लागली, तेव्हा आप्पांना जेवण गोड लागेना. आठ दिवसांत त्यांनी अर्ज केला.

जिल्ह्याच्या गृहरक्षण कक्षातून कडलग मॅडम आल्या. पन्नाशीची बाई, उन्हानं रापलेली, घाईत. त्यांनी टेबलावर डबा उघडून तपासणीची मूठ काढली. त्या मुठीला नळी नव्हती, गोळी नव्हती, फक्त दिवा होता. सोबत एक चष्मा. तो घातला की दार फोडून आत येणारी माणसं दिसतात.

पहिला मान अर्थातच आप्पांचा. त्यांनी चष्मा घातला, मूठ आवळली आणि दुसऱ्याच क्षणी गरजले, "या रे भाडखाऊंनो, या! एकेकाला उभा चिरतो!"

दिवा लागला नाही. मॅडमनी हातातल्या पडद्यावर पाहिलं. "राग," त्या म्हणाल्या. "तळवा तापलाय."

"मग? चोर दिसल्यावर राग नाही यायचा?"

"येऊ द्या की. पण चाप उघडणार नाही."

हर्षलच्या हातात काहीच झालं नाही. चष्म्यातल्या चोरांकडं तो गेम बघावा तसा बघत होता. आप्पांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मीच खाली बघितलं.

"सूनबाईंना बोलवा," मॅडम म्हणाल्या.

मी कणीक मळत होते. हात धुऊन, पुसून बाहेर आले. मूठ उचलली आणि नुसती उलटसुलट करून बघत होते, तेवढ्यात आप्पा ओरडले, "काय करू राहिली तू? आधी तो चष्मा घाल! माणसं खोळंबली ना!"

दिवा निळा झाला.

चष्मा टेबलावरच होता. कडलग मॅडमनी दिव्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं, मग माझ्याकडं. त्या बाईला सगळं कळलं. मला कळलं की तिला कळलंय. तिनं पेन काढलं.

"चष्मा घातलाच नाही तिनं," हर्षल म्हणाला.

"गरज नाही. दिवा लागला की झालं. मला अजून सहा घरं करायचीत."

कुलपाला भीती कळते, ती कुणाची हे कळत नाही. आणि ज्यांना कळतं ते सही करून पुढच्या घरी जातात.

मग हत्यार निवडायचा कार्यक्रम झाला. तीन प्रकार होते. एक जाळं फेकणारं, एक विजेचा झटका देऊन माणूस पाडणारं आणि एक गोळीचं. मॅडम म्हणाल्या की घरात लहान मूल आहे, झटक्याचं घ्या. आप्पा म्हणाले, "जाळं मासे धरायला असतंय आणि झटका डासांना. गोळीचंच द्या." धारक मी होते, पण मला कुणी विचारलं नाही. मी चहा टाकायला आत गेले.

पंधरा दिवसांत निळी घरी आली. ती ठेवायचं पोलादी कपाट आमच्या खोलीत बसवलं, माझ्याच तळहातानं उघडणारं. फाटकावर पाटी लागली. आणि माझी पॅकहाऊसची नोकरी गेली. गेली म्हणजे काय, सूर्य मावळायच्या आत घरी यायचं म्हटल्यावर हंगामात मला कोण ठेवणार? तिथले व्यवस्थापक ढोमसे भला माणूस. म्हणाले, "ताई, जूनपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढच्या हंगामाची माणसं तेव्हा ठरतात, त्यापुढं माझ्या हातात नाही." माहेर सिन्नरला, तासाभराच्या अंतरावर, पण तिथला मुक्कामही बंद. संक्रांतीला आई फोनवर रडली. आप्पा म्हणाले, "घराच्या रक्षणापेक्षा तीळगूळ मोठा का?"

आता माझ्या भीतीची निगा सुरू झाली. निळीसोबत एक पुस्तिका मिळाली होती. तीत लिहिलं होतं की धारकास खोटा धीर देणाऱ्या गोष्टी टाळाव्यात. म्हणून आमचा कुत्रा चांदोरीला चुलतसासऱ्यांकडं गेला. हर्षल रोज मला फोनवर दरोड्यांच्या चित्रफिती पाठवायचा, खाली लिहायचा, 'बघून घे'. दुपारी मला घरात एकटं ठेवायचे. घराण्याची सगळी मर्दुमकी माझ्या घाबरण्यावर उभी होती, त्यामुळं मी पुरेशी घाबरते की नाही याची सगळ्यांना काळजी.

पण त्याच पुस्तिकेत आणखी एक ओळ होती. घरगुती भांडणांमुळे मोजमाप बिघडू शकते, सबब धारकाशी सौम्यपणे वागावे. आप्पांनी ती ओळ चष्मा लावून दोनदा वाचली आणि त्या दिवसापासून त्यांचा आवाज खाली आला. "सूनबाई, जेवण झालं का?" असं ते विचारू लागले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरात पोटभर जेवले. तीन महिने माझ्या हातातून एक वाटी पडली नाही.

आणि तीन महिने निळीचा दिवा लागला नाही.

दर रविवारी सकाळी शेडच्या मागं सराव असायचा. बांबूला वाळूचं पोतं बांधलेलं. मी निळी हातात धरून उभी राहायची आणि हर्षल मागून सांगायचा, "चोर आलाय असं समज. हातात कोयता आहे त्याच्या." मी समजायची. हात कोमटच. हर्षल फटाका वाजवायचा. मी दचकायची, दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. असे बारा रविवार गेले. तेराव्या रविवारी आप्पांचा संयम संपला. एवढं सगळं करून हत्यार मुकंच राहणार, मेमध्ये तपासणीला बाई येणार आणि पाटी काढून नेणार, हे त्यांना दिसायला लागलं होतं.

"अगं जमतंय का नाही तुला काही?" ते माझ्या मागं येऊन ओरडले. जुना आवाज, जसाच्या तसा. "एवढं साधं घाबरायचं काम, तेही नीट होईना! कसली अवलाद आणली आम्ही घरात!"

मी आवाजाच्या दिशेनं वळले. हातात निळी होती, त्यामुळं तीही वळली. दिवा लख्ख निळा. चाप मोकळा झाल्याचा टक् असा बारीक आवाज आला. नळी आप्पांच्या पोटासमोर, चार हातांवर.

आप्पांचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ते दिव्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांचे ओठ पांढरे पडलेले मी पहिल्यांदा पाहिले आणि माझ्या बोटांत ऊब परत आली. दिवा विझला. चाप बंद झाला.

हर्षल पोतं सरळ करत होता. त्याला काही दिसलं नाही.

त्या दिवशी दुपारभर मी पलंगावर बसून विचार केला. मला चोरांची भीती नव्हती. खरं तर कधीच नव्हती. चोर काय, येतील आणि जातील. मला भीती एकाच माणसाची होती, म्हणजे हे हत्यारही एकाच माणसासमोर जागं होणार होतं. आप्पांनी हौसेनं, बाकीचे प्रकार नाकारून, गोळीचं निवडून, स्वतःसाठीच ते घरात आणलं होतं. हे मला कळलं तसं त्यांनाही कळलं असणार. माणूस कसाही असो, हिशेबाला पक्का.

संध्याकाळी मी चहा नेऊन ठेवला. साखर कमी होती. आप्पांनी कप तोंडाला लावला, खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी गेले नाही. तिथंच उभी राहिले, पदराला हात पुसत. त्यांनी कप परत उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला.

मला मजा आली. लपवत नाही. अकरा वर्षांची भूक होती, एका घासानं थोडीच भागणार होती?

आधी मी त्यांचा टीव्हीचा आवाज कमी केला. मग बैठकीत पारावरची मंडळी चिखलाच्या पायांनी यायची, त्यांना एकदा दारातच झापलं. ती यायची बंद झाली. आप्पा समोरच्या दारानं फिरायला जात, ते मागच्या दारानं जायला लागले, कारण समोर मी धान्य निवडायला बसायची. काही मागायचं तर "सूनबाई, मोकळी आहेस का गं?" अशी सुरुवात. मी मोकळी असले तरी नाही म्हणायची. कधी कधी दुपारी ते डोळे मिटून बसलेले असताना मी मुद्दाम खोलीतल्या कपाटाचं दार उघडून धाडकन लावायची. बैठकीतली खुर्ची कुरकुरली की मला बरं वाटायचं.

माझा आवाज इतका मोठा आहे, हे मला पस्तीस वर्षांत ठाऊकच नव्हतं.

"हळू बोल की जरा," हर्षल एकदा म्हणाला.

"हे त्यांना कधी म्हणालास?"

तो फोनमध्ये बघायला लागला. तो गप्प बसणाराच आहे. पूर्वी माझ्या वेळी गप्प बसला, आता त्यांच्या वेळी बसतोय, एवढंच काय ते.

घराला शिस्त लागली. कस्तूलासुद्धा छान वळण लागलं. आधी ही पोरगी दहा हाका मारल्या तरी पुस्तकातून डोकं काढायची नाही, दप्तर एकीकडं, चपला दुसरीकडं. आता एका हाकेत हजर. चपला भिंतीला लावून सरळ रेषेत. एकदा दूध सांडलं, तर मी येईपर्यंत फरशी पुसून, फडकं धुऊन, वाळत घालून ती कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी. मी काही बोललेही नाही, तरी म्हणाली, "मम्मी, परत नाही सांडणार." पोर शहाणी झाली, असं मी माझ्या आईला फोनवर अभिमानानं सांगितलं.

मे महिना आला. ढोमसेंचा फोन आला, "ताई, जून जवळ आला. कळवा." मी त्यांना म्हणाले की मी येतेय. मला फक्त तपासणीत नापास व्हायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी नापास होण्यासाठी देवापुढं उभी राहिले.

कडलग मॅडम सकाळी अकराला आल्या. पुन्हा तोच डबा, तीच मूठ. आता मी बैठकीत, आप्पांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले होते. आप्पा कडेला.

मी चष्मा घातला. दार फुटलं, तोंडाला फडकी बांधलेली तीन माणसं आत आली. त्यांच्याकडं बघून माझ्या मनात आलं, तुम्ही उशिरा आलात रे बाबांनो. तुमच्या नावानं माझे सहा महिने खाल्ले या लोकांनी. तळवा तापत गेला. दिवा काळाच.

"राग," मॅडम म्हणाल्या. "भरपूर."

हर्षलच्या हातात पुन्हा काहीच नाही. त्याच्या हाताला बहुधा कशाचंच काही वाटत नाही.

"आता घरातलं एकच माणूस उरलं," मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्ही बघता का परत? नाहीतर हत्यार मला न्यावं लागेल."

आप्पा उठले. गेल्या खेपेसारखे नाही, गुडघ्यावर हात ठेवून उठले. त्यांनी मूठ उचलली. चष्मा घ्यायला त्यांचा दुसरा हात पुढं झाला, तेव्हा मी म्हणाले, अगदी हळू, "आप्पा, सरळ धरा. पडेल."

दिवा निळा झाला.

कडलग मॅडमनी दिव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन काढलं.

"धारक, निवृत्ती बोरस्ते," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "काका, उद्यापासून सूर्य मावळायच्या आत घरात. नियम ठाऊक आहेत ना?"

आप्पांनी मान हलवली. पाटी राहिली होती, निळी राहिली होती, सगळं त्यांच्या मनासारखं झालं होतं, आणि तो माणूस खुर्चीत बसून स्वतःच्या तळहाताकडं बघत होता. मी तिथल्या तिथं ढोमसेंना निरोप पाठवला, 'एक जूनला येते'. इतकी जिंकलेली मी कधीच नव्हते. मला वाटलं, मोठ्यानं ओरडून कुणाला तरी सांगावं.

"कस्तू!" मी हाक मारली. "पाणी आण मॅडमना!"

कस्तू आलीच. ट्रेमध्ये तांब्या, दोन पेले, खाली रुमाल अंथरलेला. तिनं एक थेंब न सांडता ट्रे टेबलावर ठेवला. मूठ आप्पांनी टेबलाच्या कडेलाच टाकली होती.

"आणि ती मूठ मॅडमच्या डब्यात ठेव, नीट."

तिनं मूठ उचलली. दोन्ही हातांनी, जपून.

दिवा निळा झाला. मघापेक्षा गडद.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "बघा! बघा आप्पा! माझं झालं ते झालं, पण एवढ्याशा पोरीलाही भेवडावून ठेवलंय तुम्ही! निळा दिवा लागलाय तिच्या हातात! लाज वाटते का काही?"

"मी तिला काही बोलत नाही गं," आप्पा पुटपुटले.

"लहान मुलांच्या हातात कधी कधी लागतो," मॅडम म्हणाल्या. "नवीन माणूस बघून."

मला ते पटलं नाही. घडात खराब मणी आहे असं वाटलं तर आम्ही पॅकहाऊसमध्ये अंदाज करत नाही. एकेक मणी काढून बघतो.

"कस्तू, तशीच उभी राहा. मूठ सोडू नको," मी म्हणाले. "आप्पा, तुम्ही बाहेर जा."

आप्पा मुकाट्यानं बाहेर गेले. दिवा निळाच राहिला.

"हर्षल, तूही."

"प्रणिता, जाऊ दे ना आता..."

"बाहेर जा म्हटलं ना!"

तो गेला. दिवा तसाच. उलट मला वाटलं, जरा जास्तच उजळला.

मी कडलग मॅडमकडं वळले. त्या आधीच उठल्या होत्या. दारातून जाताना त्या थांबल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी माणसासारखं बोलल्या. "ताई, पुरे करा," त्या म्हणाल्या. "दिवसाला दहा घरं बघते मी. पुरे करा." मग त्याही गेल्या.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. पंखा फिरत होता. कस्तूची बोटं मुठीवर पांढरी पडली होती आणि दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीवर निळा पडला होता.

"कस्तू," मी म्हणाले. आवाज जमेल तेवढा मऊ केला, तरी तो बाहेर पडला तो नेहमीसारखाच. "कुणाची भीती वाटते गं तुला?"

"कुणाची नाही मम्मी," ती लगेच म्हणाली. विचारलं की लगेच उत्तर द्यायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.

मला तिला जवळ घ्यायचं होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं. ती जागची हलली नाही, फक्त तिचे खांदे वर गेले. ते खांदे मला ओळखीचे होते. अकरा वर्षं मी तेच खांदे घेऊन त्या स्वयंपाकघरात वावरले होते.

मी मागं सरले. दारापर्यंत गेले, बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं. ओट्यावर तिघं उभी होती, त्यांच्याकडं मला बघवेना. मी खिडकीच्या कडेला उभी राहून आत पाहिलं.

दिवा विझला होता. कस्तू फ्रॉकच्या कडेनं मूठ पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं ती डब्यात सरळ ठेवली, झाकण लावलं आणि डबा टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवला, मला आवडतो तसा.